सैनिक शाळेचे फाटक सहावीत उघडते

आपल्या वस्तीतला मुलगा पाचवीत गेला तरी आईबापांना फार तर शिष्यवृत्ती परीक्षाच ठाऊक असते. त्याच वर्षी दुसऱ्या वस्त्यांमधली मुले गणिताच्या शिकवणीला बसलेली असतात, कारण त्यांना सैनिक शाळेची प्रवेश परीक्षा द्यायची असते. आपल्याला त्या परीक्षेची खबर लागते तेव्हा मुलाचे वय उलटून गेलेले असते.

साताऱ्याची सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. देशातली ही पहिली सैनिक शाळा. मुलांना खडकवासल्याच्या एनडीएसाठी, म्हणजेच सैन्यातील अधिकारपदासाठी तयार करणे हा तिचा हेतू. २०२१-२२ पासून सर्व सैनिक शाळांत मुलींनाही प्रवेश मिळू लागला. तोपर्यंत साठ वर्षे ही वसतिगृहाची शाळा फक्त मुलांचीच होती.

सातारा आपल्याला परके नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच गावातल्या सरकारी शाळेत सुभेदार रामजींचा भिवा दाखल झाला. त्या काळी हिंदी माणसाला सुभेदारीच्या वर फारसे जाताच येत नव्हते. ब्रिटिशांनी महारांची भरती त्याआधीच बंद केली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये अर्ज केला, बाबासाहेबांनी सरकारदरबारी झुंज दिली, तेव्हा कुठे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. बंदूक परत मिळाली. पण हुकूम देणाऱ्यांच्या रांगेत आपण कुठे आहोत, हा प्रश्न आपण अजून जोरात विचारलेला नाही.

इथे एक कायदेशीर बाब ध्यानात घ्या. सैन्याच्या कमिशनमध्ये जातीनिहाय आरक्षण नाही. सैनिक शाळेच्या प्रवेशात मात्र अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना साडेसात टक्के जागा आहेत. म्हणजे या वाटेवर आपल्या हक्काच्या जागा आहेत त्या पहिल्या फाटकापाशीच. दहा ते बारा वर्षांच्या वयात ते फाटक हुकले की पुढची वाट बरीच अवघड होते. सहावीचा पेपर तीनशे गुणांचा आणि त्यात निम्मे गुण गणिताचे. हा पेपर मराठीतून देता येतो.

पण प्रवेश मिळाला म्हणजे सारे मिळाले असे नाही. पहाटे उठणे, पीटी, परेड, मेसमध्ये काट्या-चमच्याने जेवण, दुपारी खेळ, रात्री ठरलेल्या वेळी अभ्यास आणि दिवे बंद. पेपर मराठीतून दिला तरी वर्ग भरतो तो इंग्रजीतून. झेडपीच्या शाळेतून आलेला पोरगा पहिले सहा महिने अर्धे समजतो, अर्धे गिळतो. त्यात कोण कोणत्या कोट्यातून आला, हे आडनावावरून आणि शिष्यवृत्तीच्या यादीवरून साऱ्या खोलीला कळते.

काही वर्षांपूर्वी एका निवासी शाळेतल्या मुलाचे वडील माझ्याकडे आले होते. मुलगा सुट्टीत घरी आला तो परत जायला तयार नव्हता. सिनियर त्याला जातीवरून टोपणनावाने हाक मारत होते. वडिलांचा प्रश्न एकच होता, “साहेब, तक्रार केली तर पोराला काढून टाकतील का?” आपल्या माणसाच्या मनातली ही भीतीच अशा ठिकाणी छळणाऱ्याच्या कामी येते.

म्हणून कायदा माहीत हवा. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे आणि तो वसतिगृहालाही लागू होतो. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांनी लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी आहे. जातीवाचक अपमानासाठी १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहेच. तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचा पुरावा कोर्टात उभा करता करता नाकी नऊ येतात.

खर्चाचा प्रश्न खराच आहे. वर्षाची फी लाखाच्या पुढे जाते. पण उत्पन्नावर आधारित शिष्यवृत्त्याही आहेत. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवला तर ऐनवेळी तहसीलचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत.

समाजबांधवांनो, जयंतीच्या मिरवणुकीवर आपण वर्गणी काढतो. त्यातला थोडा वाटा बाजूला काढून प्रत्येक विहारात चौथी-पाचवीच्या मुलांसाठी गणिताचा आणि इंग्रजीचा वर्ग का सुरू होऊ नये? आपल्या वस्त्यांमध्ये निवृत्त शिक्षक आहेत, महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले जवान आहेत. शिक्षकांनी गणित शिकवावे, जवानांनी मुलांना पहाटे मैदानावर न्यावे. विहाराची जागा आहे, माणसे आहेत, मुले आहेत. यंदा जो मुलगा चौथीत आहे त्याच्याकडे अजून वेळ आहे. त्याच्या घरी जाऊन हे सांगण्याचे काम आपले आहे.

जय भीम!