फॉरमॅट मारण्याआधी

लॅपटॉप अधूनमधून निळा पडून आपोआप रीस्टार्ट होऊ लागला की दुरुस्तीच्या दुकानात बहुधा पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारू या’ हाच. हा उपाय अगदी शेवटी करायचा आहे, कारण दोष जाईल की नाही हे ठरण्याआधीच त्याचा पुरावा जातो. निळी स्क्रीन हे विंडोजने मुद्दाम उचललेलं पाऊल असतं. विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असं काही बिघडलेलं असतं की तसंच पुढे चालल्यास डेटा खराब होईल, म्हणून विंडोज स्वतःला थांबवते, स्टॉप कोड दाखवते आणि सहसा विंडोज फोल्डरातल्या ‘मिनीडंप’मध्ये त्या क्षणाची नोंद ठेवते. फॉरमॅट केलं की ही नोंदही पुसली जाते.

या नोंदी सुट्या वाचल्या तर फसवतात. विनडीबीजी या डीबगिंगच्या साधनात डंप उघडला की अनेकदा दोषी म्हणून खुद्द विंडोजच्या कर्नलचंच नाव येतं. चूक जिथे उघडकीला आली तिथलं ते नाव असतं; ती केली कोणी हे त्यावरून ठरत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंदही मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच सांगते, तरी तिच्यावर विसंबून लोक अडॅप्टर आणि बॅटऱ्या बदलत बसतात. म्हणून चार-पाच डंप शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. दर वेळी तोच कोड आणि तोच वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर दिसला, तर आधी ड्रायव्हरकडे बघावं. पण आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट’, परवा तिसरंच काही, आणि कोसळणारा प्रोग्रॅमही दर वेळी वेगळा, असं असेल तर हा विस्कळीतपणाच बोलका आहे. रॅममधला एखादा बिट आपोआप बदलत असेल, तर त्या जागेवर जो कोणी येईल तो पडतो. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट रात्रभर चालवावी. एक जरी चूक निघाली तरी रॅमवर भरवसा ठेवू नये. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पुन्हा तपासावं.

फॉरमॅटने अनेक लॅपटॉप खरोखर बरे होतात, हा आक्षेप रास्त आहे. सिस्टिमच्या फायली किंवा ड्रायव्हर बिघडला असेल तर होतातच. मात्र रॅम खराब असताना नव्याने टाकलेली विंडोजही त्याच रॅममधून डिस्कवर उतरते, आणि चुकीची उतरू शकते. शिवाय दोष सॉफ्टवेअरचा असला तरी फॉरमॅट अटळ नसतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख मशीन निळी पडली. त्यांतली असंख्य मशीन सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढल्यावर सुरू झाली. कारण माहीत होतं, म्हणून उपाय एवढा छोटा होता. दुकानदाराला इतका वेळ नसतो, हेही खरं. पण डंप वाचायला मिनिटं लागतात आणि मेमटेस्टजवळ कोणी बसून राहावं लागत नाही. वेळ जातो तो रॅम, ड्रायव्हर आणि बायोस एकाच दिवशी बदलण्यात, कारण मग क्रॅश थांबले तरी कशाने थांबले हे कळत नाही.

तेव्हा लॅपटॉप दुकानात देण्याआधी आपल्या फायलींसोबत मिनीडंप फोल्डरही पेनड्राइव्हवर घ्या, डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असेल तर तिची रिकव्हरी की लिहून ठेवा, आणि फॉरमॅटला होकार देण्याआधी रॅम तपासली का, एवढं जरूर विचारा.