ससेक्सच्या गारगोट्या आणि मराठी कवी

बोर्डीला सुरूच्या बनातून खाली उतरावं आणि नेमकी ओहोटी असावी. पाण्याला पाय लागेपर्यंत ओल्या, सपाट वाळूतून चांगलंच चालावं लागतं. अशा वेळी मराठी माणसाला सावरकरांचं ‘सागरा प्राण तळमळला’ आठवलं नाही, तरच नवल. ही कविता सुचली ती मात्र आपल्या अरबी समुद्रापुढे नव्हे. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात, इंग्लिश खाडीच्या काठावर ती जन्मली. त्या परगण्याशी सावरकरांचे धागे किती आणि कसे जुळले, ते पाहा.

वाळू नाही, गोटे!
गाव ब्रायटन, साल १९०९, महिना डिसेंबर. सावरकर तेव्हा अवघे २६ वर्षांचे. ब्रायटनच्या किनाऱ्यावर बोर्डीसारखी मऊ वाळू नाही, सगळ्या गुळगुळीत गारगोट्या. लाट मागे सरली की गोट्यांवर गोटे घासतात आणि सारा किनारा खळखळतो.

तळमळ कशाची?
त्याच वर्षी जूनमध्ये थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेप झाली होती. गुन्हा काय, तर राजद्रोही ठरलेल्या कविता छापल्या! १ जुलैला सावरकरांचे क्रांतिकारक साथीदार मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या आणि १७ ऑगस्टला ते फासावर गेले. त्यानंतर सावरकरांना लंडनमध्ये बिऱ्हाड मिळणंही मुश्कील झालं. मन आणि शरीर, दोन्ही थकलेल्या अवस्थेत ते ब्रायटनला आले.

साक्षीदार गेला सिनेमात
कविता सुचली तेव्हा शेजारी होते राष्ट्रीय नेते बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल. पुढे हेच निरंजन पाल बॉम्बे टॉकीजचे लेखक झाले. १९३६ चा ‘अछूत कन्या’ त्यांच्याच लेखणीतला. आणि ‘चित्रपट’ हा शब्द मराठीत रुजवला तो सावरकरांनी!

ब्रायटनचा पोरगा मदतीला
आपल्या कृत्यामागची भूमिका सांगणारं धिंग्रांचं निवेदन लंडनच्या ‘डेली न्यूज’पर्यंत पोचवलं ते डेव्हिड गार्नेट या १७ वर्षांच्या इंग्रज तरुणाने. त्याचा जन्म १८९२ चा, आणि तोही ब्रायटनचाच. नंतर अटक होऊन सावरकर लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या तुरुंगात असताना त्यांना पळवण्याचा बेतही त्याने आखला होता. पुढे तो नामवंत कादंबरीकार झाला आणि १९५३ च्या आठवणींच्या पुस्तकात त्याने सावरकरांबद्दल लिहिलं.

ससेक्सचा जमीनदार, हिंदुस्थानचा मित्र
विल्फ्रिड ब्लंट हाही ससेक्सचाच. कविता करायचा, अरबी घोडे पाळायचा आणि साम्राज्यावर सडकून टीका करायचा. पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा राहिला, पण पडला. हिंदुस्थान फिरून त्याने १८८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. काँग्रेसची स्थापनाही त्याच वर्षीची. धिंग्रांच्या धैर्याची थोरवी या इंग्रजाने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली आहे.

पार्लमेंटातला शेजारी
ससेक्सवर जीव टाकणारा आणखी एक कवी-राजकारणी म्हणजे हिलेअर बेलॉक. त्याची खासदारकी १९०६ ते १९१० आणि सावरकरांचं लंडनमधलं वास्तव्यही १९०६ ते १९१०. त्याने १९०६ मध्ये ससेक्सच्या शिप्ली गावात घर घेतलं, पवनचक्कीसकट!

एकच स्टेशन
लंडनहून ब्रायटनच्या गाड्या व्हिक्टोरिया स्टेशनातूनही सुटतात. १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून परतलेल्या सावरकरांना याच स्टेशनात अटक झाली. कवितेला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

सागराने ऐकलं, पण...
कवीने सागराकडे मागणं मागितलं होतं ते मायदेशी परत नेण्याचं. जुलै १९१० मध्ये सागराने त्यांना खरंच आणलं, पण ‘मोरिया’ बोटीतून, कैदी म्हणून. वाटेत ८ जुलैला मार्सेय बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली, किनारा गाठला आणि पुन्हा पकडले गेले. २२ जुलैला बोट मुंबईला लागली. वर्षभरात त्यांची रवानगी अंदमानला झाली.

मंगेशकर भावंडांच्या आवाजातलं हे गाणं आज आपण घरबसल्या ऐकतो. पुढच्या वेळी बोर्डीला गेलात तर ओहोटीच्या पाण्यापर्यंत चालत जा आणि तिथे ते ऐका. घर पाठीशी आहे आणि हव्या त्या क्षणी परत फिरता येतं, हे केवढं सुख आहे, ते तिथे उभं राहिल्यावर कळेल.