पोटऱ्यांचा ठणका आणि ठोक्यांचें यंत्र

डोंगर चढतांना दम लागतो. पाय मात्र दुखूं लागतात ते उतरून आल्यावर, आणि तेहि त्याच दिवशीं नव्हे. गडचांदुराहून माणिकगडच्या डोंगरांतून वर जिवतीला जाणारी वाट जो पायीं चालला आहे, त्याला हें निराळें सांगावयास नको. नवखा पाहुणा पहिल्या रात्रीं स्वस्थ झोंपतो आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओसरीच्या दोन पायऱ्या उतरतांना भिंतीला हात टेकतो. या वनप्रदेशांत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना हा ठणका चांगला परिचयाचा आहे. शिपायाच्या भरतींत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धांवावें लागतें, गोळा फेंकावा लागतो, आणि एकेका गुणावर नोकरी अडते. अशा वेळीं मसाज गन नांवाच्या यंत्राची जाहिरात दृष्टीस पडते. साधें यंत्र दोन-अडीच हजार रुपयांना मिळतें. तेवढ्या पैशांत धांवण्याचे बरे बूट येतात. म्हणून या यंत्राचा उपयोग किती, हें खरेदीपूर्वीं समजून घेणें बरें.

यंत्राची रचना सोपी आहे. आकार पिस्तुलाचा, मुठींत विजेरी, डोक्यांत मोटर. मोटरीच्या फिरण्याचें रूपांतर एका लहान दांड्याच्या पुढें-मागें सरकण्यांत होतें, आणि दांड्याच्या टोंकावरील मऊ गोळा दर मिनिटास सुमारें दोन-तीन हजार ठोके स्नायूवर देतो. ठोक्याचा पल्ला एक ते दीड सेंटिमीटर असतो. कल्पना मात्र नवी नाहीं. कोल्हापूरच्या तालमींत मेहनत झाल्यावर पहिलवानाचें अंग तेलानें रगडतात, मळतात आणि तळहाताच्या कडेनें ठोकतात. न्हाव्याची चंपी हें त्याचेंच सौम्य रूप. १८८० नंतरच्या दशकांत ग्रॅनव्हिल नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें विजेवर चालणारें ठोक्यांचें यंत्र केलें होतें. आजच्या यंत्राची कथा जेसन वर्सलँड या अमेरिकन उपचारकापासून सुरू होते. २००७ सालीं मोटारसायकलच्या अपघातांत तो जखमी झाला, आणि स्वतःच्या वेदनेवर उपाय म्हणून त्यानें सुताराच्या विजेच्या करवतीपासून पहिलें यंत्र जुळविलें. २०१६ सालीं तें बाजारांत आलें.

विकणारे सांगतात कीं, श्रमानें स्नायूंत लॅक्टिक आम्ल सांचतें व यंत्र तें हांकलून देतें. ही समजूत पुष्कळ वर्षें वर्गावर्गांतूनहि शिकविली गेली; तरी ती चुकीची आहे. धांवणें थांबल्यावर तासा-दीड तासांत रक्तांतील लॅक्टेट पूर्ववत् होतें. ठणका तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं शिगेस पोंचतो. जो घरांतून केव्हांच निघून गेला, त्याच्यावर आजच्या चोरीचा आळ कसा घालावा? १९०२ सालींच थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञानें असें मत मांडलें होतें कीं, हें दुखणें स्नायूच्या आंतील सूक्ष्म फाटण्यांतून उद्भवतें. पुढील संशोधनानें त्यांत भर घातली: बारीक इजा, तिच्यामागून येणारा दाह आणि त्यामुळें हळवे झालेले मज्जातंतु. उतरणीवर मांडीचा स्नायु शरीराचा भार तोलीत असतांनाच लांबत जातो. असें ताणलें जाणें त्याला विशेष बाधतें, म्हणून चढापेक्षां उतार महाग पडतो.

मग ठोक्यांनीं काय साधतें? ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सोळा पुरुषांच्या पोटरीवर पांच मिनिटें यंत्र चालविलें. घोट्याची हालचाल सुमारें ५ अंशांनीं वाढली. शक्ति वाढली नाहीं व घटलीहि नाहीं. हातानें केलेल्या मालिशीचा पुरावा अधिक भक्कम आहे. २०१८ सालीं फ्रेंच संशोधकांनीं ९९ अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हां दुखणें व थकवा कमी करण्यांत मालीशच सर्वांत सरस ठरली. तालमींतल्या वस्तादाला याचें नवल वाटणार नाहीं! यंत्र फाटलेला तंतु शिवत नाहीं. दुखणें कांहीं काळ बोथट करतें, इतकेंच. त्या बोथटपणाला बरें होणें समजून जो दुसऱ्याच दिवशीं पुन्हां जिवाच्या आकांतानें धांवतो, तो फसतो.

खरा उपाय स्नायूच्या अंगींच आहे. एकदां दुखलेला स्नायु त्याच श्रमानें पुढील कांहीं आठवडे पूर्वीइतका दुखत नाहीं. म्हणून मेहनत पायरीपायरीनें वाढवावी. याच चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांची ‘मिशन शौर्य’ या उपक्रमांत ऑगस्ट २०१७ पासून तयारी सुरू झाली. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग व लेह येथें त्यांना शिक्षण मिळालें, आणि मे २०१८ मध्यें मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे व विकास सोयाम हीं पांच आदिवासी मुलें एव्हरेस्टच्या शिखरावर पोंचलीं. त्या नऊ महिन्यांची जागा कोणत्याहि विजेरीला घेतां येणार नाहीं.

यंत्र घरीं असेलच, तर तें मांसल भागावर, मंद गतीवर, दाब न देतां फिरवावें. एका स्नायूस एक-दोन मिनिटें पुरेत. हाडावर, गुडघ्यामागील खळगींत, सुजेवर वा मुरगळलेल्या सांध्यावर लावूं नये, आणि मानेवर तर मुळींच नाहीं. मानेवर तीन आठवडे वारंवार यंत्र वापरल्यानंतर एका तरुण स्त्रीच्या मानेंतील रोहिणीचा आंतील पापुद्रा फाटल्याची नोंद २०२२ सालीं झाली आहे. चीनमध्यें सायकल चालवून थकलेल्या एका तरुणीच्या मांड्यांवर असें यंत्र चालविल्यानंतर स्नायूंचा नाश होऊन लघवी चहासारखी काळसर झाली, व तिला रुग्णालयांत न्यावें लागलें.

चंद्रपूर-गडचिरोलींत याहून मोठी एक सावधगिरी हवी. येथें सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार पुष्कळ कुटुंबांत आहे. त्यांत तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वांकून बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात आणि हातापायांत असह्य कळा उठतात. थंडी, अतिश्रम व अंगांतील पाणी कमी होणें यांनीं त्या उठतात. म्हणून धांवून आलेल्या मुलाच्या अशा कळांना घरचीं माणसें श्रमाचा ठणका समजतात. त्यांवर ठोके देत बसणें म्हणजे डॉक्टरांकडे जाण्याचा वेळ दवडणें होय. ज्यांच्यांत रोग नसून केवळ त्याचा अंश आहे, असे वाहक बहुधा धडधाकट असतात. तथापि अमेरिकन सैनिकांच्या २०१६ सालच्या अभ्यासांत वाहकांत मृत्यु अधिक आढळले नाहींत, तरी स्नायुनाशाचा धोका सुमारें दीडपट आढळला. अशांनीं उन्हांत एकाएकीं जोर करूं नये, पाणी वरचेवर प्यावें, आणि पाय जड होऊन दुखूं लागल्यास तेथेंच थांबावें. भरतीच्या मेहनतीला लागण्यापूर्वीं आरोग्य केंद्रांत सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. पहिल्या चांचणीला बोटांतून काढलेलें थेंबभर रक्त पुरतें.