दांडा नसलेला हापसा

लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनातून बाहेर पडून सोहोच्या गल्ल्यांत शिरले की काही मिनिटांत ब्रॉडविक स्ट्रीट लागतो. तेथे पदपथावर जुन्या घडणीचा एक हापसा उभा आहे. त्याला पाणी येत नाही आणि दांडाही नाही. दांडा चोरीला गेलेला नाही, तो मुद्दामच बसवलेला नाही. राजवाडा आणि मेणाचे पुतळे पाहून झाले की साथरोगांचे अभ्यासक वाट वाकडी करून येथे येतात आणि त्या नसलेल्या दांड्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. सोबतच्या घरच्यांना यात पाहण्यासारखे काय आहे, ते समजावताना त्यांची तारांबळ उडते.

गोष्ट आहे १८५४ सालची. या रस्त्याचे नाव तेव्हा ब्रॉड स्ट्रीट होते. ३१ ऑगस्टच्या रात्री येथे कॉलरा, म्हणजे आपल्याकडची पटकी, भडकली. पहिल्या तीन दिवसांत परिसरातले १२७ जण दगावले. एकूण बळींची संख्या पुढे सहाशेच्या वर गेली. कॉलरा घाणेरड्या हवेतून पसरतो, असे त्या वेळचे बहुतेक डॉक्टर मानत.

जवळच राहणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांना ते पटत नव्हते. ते भूलतज्ज्ञ होते. आदल्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात त्यांनी क्लोरोफॉर्म दिले होते. वायू शरीरात कसे जातात आणि काय करतात, हा त्यांचा रोजचा अभ्यास. कॉलऱ्याची सुरुवात तर पोटापासून होते, मग त्याचे विष नाकातून कसे जाईल? ते तोंडावाटे, पाण्यातूनच जात असले पाहिजे, असे त्यांनी १८४९ मध्येच लिहिले होते.

स्नो दारोदार फिरले. कोण दगावले आणि ते पाणी कुठले पीत होते, एवढेच विचारत गेले. बहुतेक बळी ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाच्या आसपासचे निघाले. पण खरी मौज अपवादांत होती. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसे राहत, पण मृत्यू अवघे पाच झाले. तेथे स्वतंत्र विहीर होती. त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यातले सत्तरहून अधिक कामगार सुखरूप राहिले. त्यांना बिअर फुकट मिळे, हापशाकडे ते फिरकतच नसत. उलट, कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई मात्र दगावली. या हापशाच्या पाण्याची चव तिला इतकी आवडे की ती ते रोज गाडीतून मागवून घेई. ते पाणी प्यायलेली तिची भाचीही गेली.

७ सप्टेंबरला स्नो यांनी ही माहिती स्थानिक कारभाऱ्यांपुढे ठेवली. त्यांना ती फारशी पटली नाही, तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी हापशाचा दांडा काढला. दांडा निघाला आणि साथ थांबली, असे नंतर सांगितले जाऊ लागले. ते पूर्ण खरे नाही. लोक घरे सोडून पळाले होते, साथ आधीच ओसरत होती, आणि हे स्नो यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे.

तरीही दांडा काढणे वाया गेले नाही. हेन्री व्हाइटहेड नावाचे तरुण धर्मोपदेशक स्नो यांचे म्हणणे खोडून काढायला निघाले होते. घरोघर चौकशी करता करता त्यांनाच पुरावा सापडला. हापशासमोरच्या ४० नंबरच्या घरात साथीच्या आदल्या दिवसांत एक तान्हे बाळ जुलाबाने आजारी होते. त्याची आई लंगोट धुतलेले पाणी घरापुढच्या शोषखड्ड्यात ओतत होती. तो खड्डा हापशाच्या विहिरीपासून तीन फुटांवरही नव्हता आणि त्याच्या विटा खिळखिळ्या झाल्या होत्या. बाळ गेले. पुढे बाळाच्या वडिलांनाही कॉलरा झाला, तो नेमका ८ सप्टेंबरला, दांडा निघाला त्याच दिवशी. दांडा जागेवर असता तर त्यांच्या आजाराचे पाणीही विहिरीत उतरले असते आणि दुसरी लाट आली असती.

कॉलऱ्याचा जंतू भारतात येऊन कलकत्त्यात रॉबर्ट कॉख यांनी पक्का केला, तो १८८४ मध्ये. तोवर स्नो हयात नव्हते. १८५८ मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी ते वारले.

आज हापशाजवळच्या कोपऱ्यावर त्यांच्या नावाचा पब आहे. स्नो यांनी आयुष्याचा बराच काळ मद्याला स्पर्श केला नव्हता, म्हणून येथे येणारे डॉक्टर आधी हसतात आणि मग आत जातात. पबबाहेर मूळ हापशाची जागा दाखवणारा लालसर दगड बसवला आहे. त्यांच्या नावाची संस्था दर सप्टेंबरला व्याख्यान भरवते आणि त्यात हापशाचा दांडा समारंभपूर्वक काढते.

ही गंमत पाहायला लंडनला जायलाच हवे असे नाही. त्यातले मर्म आपल्या गावच्या विहिरीवरही दिसते. पावसाळ्याआधी आरोग्य कर्मचारी पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतात. त्यानंतर ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. स्रोतापासून शौचखड्डा किती अंतरावर आहे, जलवाहिनी गळते का, टीसीएल पावडर वेळेवर टाकली जाते का, हे प्रश्न स्नो यांचेच आहेत. गावाला लाल कार्ड मिळाले तर ग्रामसभेत त्याचे कारण विचारायला हवे.

घरात लक्षात ठेवायची गोष्ट त्याहून साधी आहे. तान्ह्या बाळाच्या शीने काही होत नाही, असा समज आजही सर्रास आहे. ब्रॉड स्ट्रीटची सुरुवात एका बाळाच्या लंगोटापासून झाली. ती शी शौचालयातच टाकावी, विहिरीजवळ किंवा नळापाशी लंगोट धुऊ नयेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. कोणालाही पाण्यासारखे जुलाब सुरू झाले तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत वाट न पाहता ओआरएस सुरू करावे, एक लिटर स्वच्छ पाण्यात एक पाकीट. वेळेवर पाणी आणि क्षार मिळाले तर कॉलऱ्याचे जवळजवळ सगळे रुग्ण वाचतात. ब्रॉड स्ट्रीटवरच्या कोणालाच ते मिळाले नव्हते.