ब्रिटनमधील सरोगसी : बाळ कुशीत आले, तरी पालकत्व न्यायालयाकडूनच

सरोगसीचा विचार करणाऱ्या ब्रिटनमधील दांपत्यांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. येथील कायद्यानुसार बाळाला जन्म देणारी स्त्री हीच त्याची माता होय, मग स्त्रीबीज कोणाचेही असो. ती विवाहित असल्यास सामान्यतः तिचा पती दुसरा कायदेशीर पालक ठरतो.

१९८५ च्या कायद्यानुसार सरोगसीचा करार न्यायालयामार्फत अमलात आणून घेता येत नाही. इच्छुक पालकांना पूर्ण पालकत्व लाभते ते २००८ च्या कायद्यातील पालकत्व-आदेशाने. त्यासाठी किमान एका अर्जदाराचे बाळाशी जनुकीय नाते, एकाचा ब्रिटनमध्ये कायम अधिवास आणि जन्मदात्रीची संमती आवश्यक असते. प्रसूतीनंतर सहा आठवडे उलटण्यापूर्वी दिलेली संमती ग्राह्य नसते. अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करावयाचा असतो. २०१९ पासून एकट्या व्यक्तीलाही तो करता येतो.

मायदेशाचा मार्गही सोपा नाही. भारताच्या २०२१ च्या कायद्याने व्यापारी सरोगसीस मनाई केली आहे. शिवाय परदेशातील जन्मदाखल्यावर इच्छुक पालकांची नावे असली, तरी ब्रिटनमध्ये हा आदेश घ्यावाच लागतो.

आदेशाअभावी बाळाच्या शस्त्रक्रियेस संमती देतानाही अडचण उद्भवू शकते. म्हणूनच कायदेशीर सल्ला बाळाच्या जन्मानंतर नव्हे, तर गर्भधारणेपूर्वीच घेणे हिताचे.