धूर, अग्नी आणि रक्ततपासणीचा कागद

पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवले जाणारे अनुमानाचे हे उदाहरण आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. धूर हे अग्नीचे गमक होय. श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य आजारात कोणाचा ज्वर आठवड्यात उतरेल आणि कोणाला प्राणवायू लावावा लागेल, हे सांगणारी गमके वैद्यक आज रक्तपेशींत शोधीत आहे. मी वैद्य नव्हे, मराठीचा प्राध्यापक. म्हणून या शोधातील अनुमानाचा भागच मला अधिक ओढ लावतो.

रंगद्रव्यांच्या साहाय्याने पांढऱ्या पेशींचे प्रकार ओळखण्याची रीत पाउल एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास घालून दिली. त्यांतील न्यूट्रोफिल हे प्रथम धावून जाणारे शिपाई. लिम्फोसाइट हे शत्रू नेमका ओळखणारे आणि त्याची आठवण ठेवणारे. २०२० च्या कोविड साथीत पहिल्या काही महिन्यांतच दिसून आले, की अत्यवस्थ होणाऱ्यांच्या रक्तात लिम्फोसाइट घटतात, न्यूट्रोफिल वाढतात. पहिल्याने दुसऱ्यास भागले असता येणारे गुणोत्तर निरोगी माणसात साधारणतः १ ते ३ असते. ८० टक्के न्यूट्रोफिल आणि १० टक्के लिम्फोसाइट असल्यास ते ८ होते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत माझ्या नावामागील 'डॉक्टर' पाहून काही माजी विद्यार्थी असे कागद मला वाचून दाखवीत. ज्ञानेश्वरीवरील प्रबंधाचा तेथे काय उपयोग! पण एक गोष्ट मी त्यांच्या डॉक्टरांकडून समजून घेतली. टक्केवारी एकटी वाचू नये. एकूण पेशी ८,००० असताना १० टक्के म्हणजे ८०० लिम्फोसाइट. एकूण ४,००० असताना २० टक्के म्हणजेही ८००च. दुसऱ्या कागदावरील आकडा दुप्पट, म्हणून घरचे निश्चिंत होत. लिम्फोसाइट मात्र तितकेच उणे. प्रौढांत ते साधारण १,००० च्या वर असावे लागतात.

याहून सूक्ष्म गमके पेशींच्या पृष्ठभागावर असतात. त्यांना 'सीडी' आणि क्रमांक अशी नावे देण्याची पद्धत १९८२ च्या पॅरिस येथील परिषदेपासून रूढ झाली. मोनोसाइट नामक पेशींवरील 'एचएलए-डीआर' हे प्रथिन शत्रूचा तुकडा इतर पेशींना दाखविण्याचे काम करते. बर्लिन आणि बॉन येथील संशोधकांना २०२० मध्ये गंभीर कोविड रुग्णांत ते बरेच उणावलेले आढळले. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात ९८७ अत्यवस्थ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला, म्हणजे विषाणूविरुद्धच्या पहिल्या इशाऱ्याला, निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सापडली. येथे भेद ध्यानात घ्यावा : घटलेले लिम्फोसाइट बहुधा धूर आहेत, ही प्रतिपिंडे मात्र अग्नीला घातलेल्या इंधनासारखी, रोगाच्या कारणांपैकीच एक.

आता हेत्वाभासाकडे वळू. नैयायिक विचारतील : ते धुके तर नव्हे? डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, असे २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत सिद्ध झाले. पण हेच औषध स्वतः लिम्फोसाइट घटवते, न्यूट्रोफिल वाढवते. औषध सुरू झाल्यानंतरचे गुणोत्तर पाहून घाबरणारा धुक्यालाच धूर समजतो. उलट तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तसे आकडे ठीक असूनही प्रकृती खालावलेले रुग्ण असतात. म्हणून एका आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांतील चढउतार मोलाचा, आणि त्यासोबत श्वासाची गती व रक्तातील प्राणवायू पाहणे अगत्याचे.

ब्रिटनमधील रुग्णालयांच्या नोंदींवरून मृत्यूचा धोका सांगणारी आठ घटकांची गुणपद्धती २०२० मध्ये तयार झाली. तीत वय आहे, श्वासाची गती आहे, प्राणवायूचे प्रमाण आहे; लिम्फोसाइट नाहीत. प्रकृती खालावेल का, हे सांगणारी दुसरी पद्धती २०२१ मध्ये आली. तीत मात्र त्यांना स्थान मिळाले.