अर्बुदातील नवरक्तवाहिन्यांचे प्रतिमांकन : पेप्टाइड शोधकांचे तत्त्व व मर्यादा

प्रस्तावना :
कर्करोगाच्या गाठीस वाढीसाठी प्राणवायू व पोषकद्रव्ये लागतात. केवळ विसरणाने होणाऱ्या पुरवठ्यावर गाठ साधारणतः १ ते २ मिलिमीटरपेक्षा मोठी होऊ शकत नाही. त्यापुढील वाढीसाठी ती लगतच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडण्यास प्रवृत्त करते. ही संकल्पना अमेरिकन शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. अशी वाढ रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधास २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तथापि अशा औषधांनी गाठीचा आकार लगेच घटतोच असे नाही. त्यामुळे केवळ आकार मोजून उपचाराचा परिणाम ठरविणे अवघड जाते. वाहिन्यांची वाढच प्रतिमेत पाहता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. त्यावरील एका उपायाचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शोधकाचे तत्त्व :
नव्याने वाढणाऱ्या वाहिन्यांच्या अंतःस्तर पेशींवर आल्फा-व्ही बीटा-३ इंटिग्रिन हे ग्राही प्रथिन विपुल असते. स्थिरावलेल्या वाहिन्यांवर ते अल्प आढळते. पेशी फायब्रोनेक्टिन या प्रथिनास ज्या जागी चिकटतात, तेथील आर्जिनिन, ग्लायसिन व ॲस्पार्टिक आम्ल हा क्रम पियर्शबाखर व रुओस्लाहती यांनी १९८४ मध्ये दाखवून दिला. हाच क्रम उपरोक्त इंटिग्रिनही ओळखते. मात्र सरळ साखळीचे लहान पेप्टाइड शरीरातील विकरांमुळे लवकर विघटित होते. म्यूनिक येथील होर्स्ट केसलर व सहकाऱ्यांनी या क्रमास चक्रीय रूप दिले. त्यामुळे रेणूचा आकार निश्चित झाला, बंधन दृढ झाले आणि स्थिरताही वाढली. पुढे त्यास शर्करेचा घटक जोडून यकृतातील अनावश्यक संचय कमी करण्यात आला. सुमारे ११० मिनिटे अर्धायुकाल असलेले फ्लोरिन-१८ जोडल्यावर पेट स्कॅनद्वारे त्याचे स्थान टिपता येते. रुग्णांमधील या शोधकाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मर्यादा :
येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. पेट स्कॅनची विभेदनक्षमता काही मिलिमीटरची असल्याने केशवाहिनी स्वतः दिसत नाही. दिसते ती ग्राहींची एकत्रित उपस्थिती. हेच इंटिग्रिन काही अर्बुदांच्या, उदाहरणार्थ मेलॅनोमाच्या, पेशींवर तसेच दाहस्थानातील भक्षकपेशींवरही आढळते. म्हणून उजळलेला भाग म्हणजे नवी रक्तवाहिनीच, असे अनुमान काढता येत नाही. दुसरे असे की, ग्राहीस चिकटणे आणि रोग आटोक्यात येणे या भिन्न गोष्टी होत. याच कुळातील चक्रीय पेप्टाइड सिलेंजिटाइड हे औषध म्हणून तपासले गेले. परंतु मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या अर्बुदावरील त्याच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत रुग्णांचे आयुर्मान वाढल्याचे आढळले नाही. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

समारोप :
सारांश, पेप्टाइड शोधक एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर देतो : लक्ष्य ग्राही या रुग्णाच्या गाठीत आहे काय, व असल्यास किती? उपचारापूर्वी हे कळणे मोलाचे आहे. परंतु त्यावरून उपचाराचे यश गृहीत धरणे अशास्त्रीय ठरेल. रसायनशास्त्र रेणू घडविते, भौतिकशास्त्र त्याचा माग काढते. त्या प्रतिमेचा अर्थ मात्र जीवशास्त्राच्या आधारेच लावावा लागतो. आंतरविद्याशाखीय अध्यापनासाठी हे उदाहरण म्हणूनच उपयुक्त आहे.